इंजिन ऑइल : निवड आणि ॲडिटिव्ह

इंजिन ऑइल : फिरत्या भागांमध्ये पातळ थर राखून झीज कमी करणारे, उष्णता वाहून नेणारे आणि ज्वलनातली काजळी व आम्ल स्वतःत धरून ठेवणारे मोटारीचे वंगणतेल. ते निवडताना दाटपणाची श्रेणी आणि गुणवत्तेची पातळी एवढे दोनच तपशील पाहायचे असतात, आणि दोन्ही गाडीच्या पुस्तिकेत छापलेले असतात. तरी दुकानात चौकशी होते ती वरून ओतायच्या ॲडिटिव्हच्या बाटलीची. रत्नागिरीसारख्या दमट किनारी गावात ऑइलचा खरा शत्रू उकाडा नव्हे, पाणी आहे. आणि पाण्यावर त्या बाटलीत इलाज नसतो.

‘५डब्ल्यू-३०’ मधला डब्ल्यू हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा ऑइल थंडीत किती सहज वाहते ते सांगतो, नंतरचा ते १०० अंश सेल्सिअसला किती दाट राहते ते. ५डब्ल्यू ऑइलवर इंजिन फिरते का, ही चाचणी उणे ३० अंशांना घेतात, २०डब्ल्यूची उणे १५ अंशांना. रत्नागिरीत पारा पंधराच्या खाली क्वचितच उतरतो. मग कोकणात पातळ ऑइल कशाला, २०डब्ल्यू-५० टाका, असा सल्ला गॅरेजमध्ये मिळतो. ऐकायला तो रास्त वाटतो, पण बाहेर मे असो वा जानेवारी, थर्मोस्टॅट कूलंटचे तापमान ९० अंशांच्या आसपासच राखतो. उलट २५ अंशांच्या सकाळी गाडी सुरू करताना ऑइल तापलेल्या इंजिनातल्यापेक्षा दहा पटींहून अधिक दाट असते आणि बरीचशी झीज इंजिन तापेपर्यंतच्या काळात होते. तेव्हा वरच्या व्हॉल्व्हपर्यंत लवकर पोचणारे ऑइल इथेही उपयोगाचेच. आंबा घाट भरल्या गाडीने चढताना ऑइल अधिक तापते, हे खरे. पुस्तिकेत ४०ची श्रेणी चालेल असे म्हटले असेल, तर नेहमी कोल्हापूरला ये-जा करणाऱ्याने ती खुशाल घ्यावी. म्हटले नसेल, तर घाटाची सबब पुरत नाही. गुणवत्तेसाठी पेट्रोल गाड्यांना एपीआय एसपी (२०२०) किंवा त्यापुढची पातळी पाहावी. बीएस-६ डिझेल गाडीत काजळीचा फिल्टर असेल, तर कमी राखेचे, पुस्तिकेत सांगितलेलेच ऑइल हवे; इथे केलेली बचत फिल्टर बुजवते.

आता पाणी. एक लिटर पेट्रोल जळाले की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. बहुतेक सायलेन्सरमधून जाते, थोडे पिस्टन रिंगांच्या फटीतून ऑइलमध्ये उतरते. लांबच्या प्रवासात ते उडून जाते. पण रत्नागिरीलगतच्या कुवारबावहून बाजारात आणि परत, एवढेच चालणाऱ्या गाडीचे ऑइल पुरते तापतच नाही. पाणी आणि न जळलेले पेट्रोल आत साठते. ऑइल भरायच्या झाकणाच्या आत पिवळसर साय दिसते ती याचीच. ती सतत दिसत असेल आणि कूलंटही कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केट तपासावे. म्हणून ‘१०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते’ या सूचनेतला ‘एक वर्ष’ हा भाग इथे अधिक महत्त्वाचा. गाडी वर्षात चारच हजार फिरली, मग ऑइल बदलून काय करायचे, हा हिशेब रत्नागिरीत उलटा पडतो: कमी आणि तुकड्यातुकड्याने फिरलेल्या गाडीचेच ऑइल लवकर नासते.

ॲडिटिव्ह निरुपयोगी म्हणावे तर ऑइलच निरुपयोगी ठरेल, कारण मूळ तेलात झीजरोधक जस्त-फॉस्फरस संयुगे, कॅल्शियमची स्वच्छकारके, काजळी विखुरती ठेवणारी आणि फेस मारणारी द्रव्ये कारखान्यातच मिसळलेली असतात. (नवे ऑइल लवकर काळे पडते म्हणून तक्रार होते; ते काळे पडणे म्हणजे या द्रव्यांचे काम चालू असणे.) हे मिश्रण तोलून केलेले असते. झीजरोधक फॉस्फरस सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारक, म्हणून पेट्रोल गाड्यांच्या पातळ ऑइलमध्ये त्याची कमाल मर्यादा ०.०८ टक्के ठेवली आहे. वरून ओतलेली बाटली हा तोल मोडू शकते. अमेरिकेत ‘स्लिक ५०’ या टेफ्लॉनयुक्त ॲडिटिव्हच्या झीज घटवण्याच्या दाव्यांना पुरावा नसल्याचा आक्षेप तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने घेतला आणि १९९७ मध्ये उत्पादकांना तडजोड करावी लागली.

यावर म्हणतात, बाटली ओतल्यावर गाडी मऊ चालली. ती बहुधा ऑइल बदलतानाच ओतलेली असते. श्रेय ताज्या ऑइलचे. दुसरा आक्षेप जुन्या, ऑइल खाणाऱ्या गाडीचा, आणि तो वजनदार आहे. कडक झालेले सील थोडे फुगवणारे द्रव्य गळती काही काळ रोखू शकते आणि दाटपणा वाढवणारे द्रव्य धूर कमी करते. पण झिजलेली रिंग त्याने भरून येत नाही, दुखणे फक्त झाकले जाते. अशा गाडीला पुस्तिकेने मान्य केलेली वरची श्रेणी आणि दर आठवड्याला डिपस्टिक पाहणे हेच स्वस्त पडते.

पाणी बाहेरूनही शिरू शकते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या पुराने चिपळुणात गाड्या बुडाल्या. पाणी शिरले की ऑइल दुधाळ होते आणि सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बुडालेली गाडी किल्ली न फिरवता ओढून गॅरेजला न्यावी आणि आधी ऑइल व फिल्टर दोन्ही काढायला लावावेत.