महाभारताचं बिल कोणी भरलं?

आपल्या श्रोत्यांमध्ये पीएचडी करणारे, नुकतेच कुठेतरी सहायक प्राध्यापक म्हणून लागलेले बरेच जण आहेत. त्यांच्याकडून एक प्रश्न सारखा येतो: संशोधनाला पैसे आणायचे कुठून? कॉलेज म्हणतं प्रोजेक्ट करा, पण निधी बाहेरून आणा. मग प्रस्ताव लिहायचा, बजेटचे रकाने भरायचे आणि वाट बघत बसायचं. आणि चुकून मंजूर झालंच, तर दुसरी धाकधूक सुरू होते. ज्याने पैसे दिले त्याला आवडेल तेच लिहावं लागणार का?

आज याच प्रश्नाची एक जुनी गोष्ट सांगतो. पुण्यातली आहे. जवळपास अर्धं शतक चाललेला एक संशोधन प्रकल्प, आणि त्यासाठी दारोदार फिरून जमवलेला पैसा. प्रकल्प कोणता? महाभारत.

तुम्ही म्हणाल, महाभारतावर काय संशोधन करायचंय, ते तर आहेच की! इथेच गंमत आहे. "महाभारत आहे" म्हणजे नक्की कोणतं आहे? छापखाना येण्याआधी शेकडो वर्षं हा ग्रंथ हाताने उतरवला जात होता. काश्मीरमध्ये शारदा लिपीत, बंगालमध्ये बंगाली लिपीत, दक्षिणेत ग्रंथ, तेलुगू, मल्याळम लिपीत. उतरवणारा कुठे चुकायचा, कुठे एखादी आवडती कथा घालायचा, कुठे अवघड शब्द सोपा करायचा. त्यामुळे काश्मीरची पोथी आणि केरळची पोथी समोरासमोर ठेवली तर हजारो ठिकाणी फरक दिसतो. या सगळ्या पोथ्या ताडून बघायच्या आणि उपलब्ध पुराव्यावरून सर्वांत जुना पाठ कोणता असावा ते ठरवायचं, याला म्हणतात चिकित्सित आवृत्ती.

ही कल्पना आधी युरोपात मांडली गेली. १८९७ साली पॅरिसला प्राच्यविद्या परिषद भरली होती. तिथे मॉरिझ विंटरनिट्झ या ऑस्ट्रियन संस्कृत पंडिताने हा विषय काढला. पुढे युरोपातल्या विद्वानांच्या अकादमींनी मिळून काम अंगावर घेतलं आणि १९०८ साली जर्मन पंडित हाइनरिख ल्यूडर्स यांनी एक छोटा नमुना छापूनही दाखवला. मग १९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं. ज्या देशांनी मिळून हे काम करायचं होतं, ते एकमेकांवर तोफा डागायला लागले. प्रकल्प तिथेच थांबला. बाहेरच्या निधीचा पहिला धडा इथेच मिळतो: कल्पना कितीही पक्की असली, तरी देणाऱ्यांची घडी विसकटली की काम बसतं.

आता पुण्यात या. ६ जुलै १९१७ ला भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था सुरू झाली. सर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवसाची तारीख. त्यांनी आपला ग्रंथसंग्रह संस्थेला दिला. पुढच्याच वर्षी, जुलै १९१८ मध्ये, औंधचे राजे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जाहीर केलं की महाभारताच्या आवृत्तीसाठी मी एक लाख रुपये देतो.

औंध म्हणजे सातारा भागातलं छोटंसं संस्थान. बडोदा किंवा हैदराबादसारखा खजिना तिथे नव्हता. पण राजा वेगळाच होता. सूर्यनमस्काराचा कट्टर प्रचारक, स्वतः चित्रकार, स्वतः कीर्तनकार! राजा कीर्तनाला उभा राहतोय, हे डोळ्यासमोर आणा जरा. आणि या देणगीमागे त्यांची एक इच्छा होती: आवृत्ती सचित्र असावी.

हे वाक्य लक्षात ठेवा, आपण त्याकडे परत येणार आहोत.

१ एप्रिल १९१९ ला ऐंशी ओलांडलेल्या भांडारकरांनी पहिल्या कागदावर मंगलाचरण लिहून कामाला सुरुवात करून दिली. पण सुरुवात करणं सोपं असतं. खरा खर्च कशाचा होता? ग्रंथ छापण्याचा तर होताच, पण त्याहून मोठा खर्च होता माणसांचा. काम असं चालायचं की एका कागदावर चौकटी आखायच्या. वरच्या ओळीत प्रचलित पाठातला श्लोक एकेक अक्षर सुटं करून लिहायचा. खाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ. जिथे त्या पोथीतलं अक्षर वेगळं असेल तिथे ते नोंदवायचं. एक श्लोक, मग दुसरा श्लोक, असं हजारो श्लोक. हे करायला त्या त्या लिपीचे जाणकार लागतात, आणि ते सगळे पुण्यात कुठून मिळणार? म्हणून शांतिनिकेतनला आणि तंजावरलाही ताडणीची केंद्रं होती. ही सगळी पगारी माणसं. आजच्या प्रस्तावाच्या भाषेत सांगायचं तर बजेटमधला सगळ्यात जाड रकाना मनुष्यबळाचा.

आणि इथेच देणगीचा दुसरा प्रकार महत्त्वाचा ठरतो. एकदम मोठी रक्कम मिळाली की बातमी होते, पण पगार दर महिन्याला द्यायचे असतात. म्हणून संस्थेला हवा होता दरवर्षी येणारा पैसा. हैदराबादच्या सातव्या निजामाची मदत याच जातीची: वर्षाला १००० रुपये, ११ वर्षं. रक्कम ऐकायला बारीक वाटते. पण पुढची अकरा वर्षं काहीतरी नक्की येणार आहे, हे माहीत असलं की माणूस नेमता येतो. तुमच्यापैकी ज्यांनी वर्षभराच्या करारावर प्रोजेक्टमध्ये काम केलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता दोन पावलं मागे जाऊ, १९२३ मध्ये. तोपर्यंत चार वर्षं पैसा खर्च झालेला, देणगीदार वाट बघतायत. संस्थेने काय केलं? विराटपर्वाची एक तात्पुरती आवृत्ती काढली. संपादक नारायण बापूजी उटगीकर. आणि ती जगभरच्या संस्कृत पंडितांना पाठवली, मत मागायला. म्हणजे बघा, पुस्तकावर पैसा खर्च केला आणि वर लोकांना सांगितलं, यातल्या चुका काढा.

मला ही या गोष्टीतली सगळ्यात धाडसाची जागा वाटते. अनुदानावर काम करणाऱ्याला नेहमी वाटतं की देणाऱ्यासमोर सगळं छान छान दाखवावं. इथे उलट केलं. नमुना बाहेर ठेवला, टीका घेतली. १९२५ साली विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाले आणि त्यांनी कामाची पद्धत नव्याने बसवली. सुखटणकर केंब्रिजला गणित शिकलेले आणि बर्लिनला डॉक्टरेट केलेले. कोणाकडे? त्याच ल्यूडर्सकडे, ज्यांचा नमुना युद्धात अडकला होता! १९२७ मध्ये आदिपर्वाचा पहिला सुटा भाग छापून आला. १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण झालं. आणि ते विराटपर्व? ते डॉ. रघुवीर यांनी नव्याने संपादित केलं आणि १९३६ मध्ये प्रसिद्ध झालं. पहिल्या विराटपर्वाचा पैसा वाया गेला म्हणायचं का? मी तरी म्हणणार नाही. तो पद्धत शिकण्याचा खर्च होता.

आणखी एक गोष्ट. भाग सुटे सुटे काढल्यामुळे देणाऱ्यांच्या हातात दर थोड्या वर्षांनी काहीतरी पडत राहिलं. "पूर्ण झालं की दाखवू" असं धोरण असतं, तर १९६६ पर्यंत कोण थांबलं असतं?

आता त्या लक्षात ठेवलेल्या वाक्याकडे येऊ. देणाऱ्याची इच्छा.

या आवृत्तीचं आतलं शीर्षकाचं पान नीट वाचण्यासारखं आहे. आश्रयदात्यांची यादीच आहे तिथे: औंधचे राजे, हिंदुस्थान सरकार, मुंबई, मद्रास आणि चक्क ब्रह्मदेश या प्रांतांची सरकारं, हैदराबाद, बडोदा, म्हैसूर, फलटण अशी संस्थानं, मुंबई विद्यापीठ, लंडनची ब्रिटिश अकादमी. इंग्रज सरकार, हिंदू राजे, मुस्लिम निजाम, सगळे एका पानावर. आणि त्याच पानावर लिहिलंय की जुन्या नमुन्यांवरून केलेली चित्रं श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधींची. सहकार्य करणाऱ्यांमध्येही त्यांचं नाव आहे. म्हणजे राजेसाहेबांची इच्छा पाळली गेली. ग्रंथात चित्रं आली, तीही त्यांच्या हातची.

पण पाठाचं काय? महाभारत म्हटलं की आपल्याला आठवतं, व्यास सांगतायत आणि गणपती लिहून घेतोय. ही कथा सुखटणकरांनी मुख्य पाठातून काढून परिशिष्टात टाकली, कारण पोथ्यांचा पुरावा सांगत होता की ती मागाहून आलेली आहे. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदी कृष्णाचा धावा करते, तो भागही सभापर्वाच्या मुख्य पाठात नाही. सभापर्व संपादित केलं होतं अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रँकलिन एजर्टन यांनी, ते १९४४ मध्ये आलं. आता विचार करा. कीर्तनाला उभं राहिलं की हमखास येणाऱ्या या कथा. आणि या कामाची पहिली मोठी देणगी एका कीर्तनकार राजाची!

असं करता आलं कशामुळे? माझ्या मते कारण कामाच्या पद्धतीतच आहे. गाळलेली एकही ओळ लपवलेली नाही. जे मुख्य पाठात नाही ते त्याच पानावर खाली तळटीपेत, आणि मोठा भाग असेल तर परिशिष्टात. सोबत नोंद, की हा श्लोक अमुक पोथ्यांत आहे, तमुक पोथ्यांत नाही. आदिपर्वासाठी सुमारे २३५ पोथ्यांची माहिती गोळा केली होती. पहिल्या दोन अध्यायांसाठी ६० पोथ्या ताडल्या, आणि कुठेही दहापेक्षा कमी नाहीत. संपादकाचा निर्णय पटला नाही, तर तुम्ही स्वतः तपासा आणि वेगळा निर्णय घ्या, सगळा पुरावा समोर आहे. एवढं उघड काम असलं की देणगीदाराला रुसायला जागा राहत नाही. आणि संशोधकाला झुकायला कारण राहत नाही.

म्हणून सुरुवातीच्या धाकधुकीला माझं उत्तर असं: देणाऱ्याची इच्छा असणारच. प्रश्न इतकाच की ती कुठपर्यंत येऊ द्यायची. चित्रं राजाची, पाठ पोथ्यांचा. ही रेघ प्रस्ताव लिहितानाच आखायची असते, निष्कर्ष हातात आल्यावर नाही. ग्रंथ सजवायला, नाव छापायला, कोणता विषय आधी घ्यायचा हे ठरवायलाही देणाऱ्याचं ऐका. पुरावा काय म्हणतो, तिथे मात्र कोणाचंच ऐकायचं नाही.

गोष्टीचा शेवट राहिलाच. सुखटणकरांनी आदिपर्व आणि आरण्यकपर्व पूर्ण केलं. जानेवारी १९४३ मध्ये ते अचानक गेले. वय अवघं पंचावन्न. महाभारताच्या अर्थावर मुंबईत त्यांची व्याख्यानमाला चालू होती, तीही अर्धवट राहिली. पुढे श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि नंतर परशुराम लक्ष्मण वैद्य प्रमुख संपादक झाले. वेगवेगळी पर्वं वेगवेगळ्या प्राध्यापकांनी वाटून घेतली. सुशीलकुमार डे बंगालमधून, रा. ना. दांडेकर पुण्यातून. कॉलेज-विद्यापीठात शिकवणारी ही माणसं. या निधीवर उभ्या राहिलेल्या कागदांच्या ढिगाऱ्यावर त्यांचं संशोधन चाललं.

मधल्या काळात त्या शीर्षकाच्या पानावरची नावंच एकेक करून पुसली गेली. ब्रह्मदेश १९३७ मध्ये हिंदुस्थानापासून वेगळा झाला. १९४७ ला इंग्रज गेले. १९४८ मध्ये औंध आणि फलटण विलीन झाली, त्याच वर्षी हैदराबाद भारतात आलं, मग बडोदा. बाळासाहेब १९५१ मध्ये वारले. युरोपातला प्रकल्प देणाऱ्यांची घडी मोडली तेव्हा बसला होता. पुण्यातला बसला नाही. देणारे अनेक होते, आणि तोपर्यंत छापलेली पर्वं लोकांच्या हातात होती. अर्धवट सोडायला कोणालाही लाज वाटावी इतकं काम झालेलं होतं.

२२ सप्टेंबर १९६६ ला राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते पुण्यात आवृत्ती पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. १९ खंड. एकूण १२५९ पोथ्या तपासलेल्या. आज जगात कोणीही महाभारतावर गंभीर काम करायला बसला, की त्याच्या टेबलावर पहिली हीच आवृत्ती असते.

तर पुढच्या वेळी प्रस्तावाचा फॉर्म उघडाल तेव्हा तीन गोष्टी मनात ठेवा. पैसा एकाच दारातून आणू नका. पूर्ण होण्याची वाट न बघता एक छोटा भाग नीट करून टीकेसाठी बाहेर ठेवा. आणि तुमच्या कामातली चित्रं कोणती आणि पाठ कोणता, ते आधीच ठरवून घ्या.

तुमच्या विषयातही अशी एखाद्या जुन्या देणगीची गोष्ट असेल तर जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा!