तेरी बातों में ऐसा उलझा जिया

यंत्रमानव-प्रेयसीवरचा हिंदी प्रेमविनोदी चित्रपट. प्रदर्शन ९ फेब्रुवारी २०२४, म्हणजे व्हॅलेंटाइन डेच्या मुहूर्ताला धरून. दिग्दर्शक अमित जोशी व आराधना साह. निर्मात्यांमध्ये ‘टपाल’ आणि ‘लालबागची राणी’ या मराठी चित्रपटांचे दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर हेही आहेत. रोबोटिक्स इंजिनिअर आर्यन (शाहिद कपूर) घरच्यांचा लग्नाचा लकडा चुकवत अमेरिकेत उर्मिलामावशीकडे (डिंपल कापडिया) जातो आणि तिथल्या सिफ्राच्या (क्रिती सॅनन) प्रेमात पडतो. ती यंत्र आहे हे त्याला नंतर कळते. मावशीने सिफ्राची चाचणी त्याला अंधारात ठेवूनच घेतलेली असते. तरीही तो सिफ्राला भारतात आणून घरच्यांपुढे होणारी बायको म्हणून उभी करतो.

विज्ञानकथा म्हणून हा चित्रपट लंगडा आहे. बॅटरी, चार्जिंग, डोळ्यांतल्या लुकलुकाटापलीकडे तो फारसा जात नाही. त्याचा खरा विषय मुलगी पाहण्याचा कार्यक्रम हा आहे. सिफ्रा देखणी, न थकणारी, सांगितलेले तंतोतंत करणारी. स्वतःची आवडनिवड, माहेर, भूतकाळ यांपैकी काहीच नाही. अशी मुलगी एका भरल्या घराला पसंत पडते आणि आत माणूस नाही, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. हसू येते ते यंत्राच्या चुकांपेक्षा या पसंतीचे. कल्पना नवी नव्हे. ‘बहू हमारी रजनी कांत’ या मालिकेने २०१६ सालीच यंत्र-सून घरात आणली होती. सुनेकडून असलेल्या अपेक्षांची यादी यंत्राला आयती लागू पडते, हे दोन्हीकडे दिसते.

यावर आक्षेप असा, की ही टीका नसून पुरुषाचे दिवास्वप्नच आहे. आक्षेप बराचसा खरा आहे. सिफ्राला नकार देताच येत नाही, हे ठाऊक असूनही आर्यन मागे हटत नाही आणि गाणी त्याच्याच बाजूने वाजतात. पण घरच्यांची फजिती रंगवणारे प्रसंग या स्वप्नाला टाचणी लावतात, तेवढ्यापुरता चित्रपट त्याच्या नायकाहून शहाणा ठरतो. शेवटी मात्र कच खातो. लग्नातच सिफ्राची यंत्रणा बिघडते, धोका यंत्राचा ठरतो आणि नकार देऊ न शकणारी बायको का हवी, हा आर्यनला विचारायचा प्रश्न राहूनच जातो. विनोदी चित्रपटाकडून इतकी अपेक्षा कशाला, असेही म्हटले जाते. पण मारिया श्राडर यांचा ‘इख बिन दाइन मेन्श’ (२०२१) हा जर्मन चित्रपटही प्रेमविनोदीच आहे. त्यात यंत्र पुरुष आहे आणि त्याच्याबरोबर तीन आठवडे राहून अभिप्राय लिहिण्याचे काम आल्मा या संशोधिकेकडे आहे. ती त्या यंत्रात गुंतते, तरी अशा जोडीदारांविरुद्धच अहवाल देते. आर्यन तर याच क्षेत्रातला जाणकार, पण त्याच्याकडून असा अहवाल कोणी मागतच नाही.