आजीचं माहेर आणि मुदखेड जंक्शन

आजची गोष्ट माझ्या गावापासून सुरू होते. मुदखेड, जिल्हा नांदेड.

पुण्यात कॉलेजला गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये वाढणाऱ्या काकांना मी म्हणालो, "भाजी नक्को, बस झाली." शेजारचा हसला आणि म्हणाला, "तू मराठीच आहेस ना?" चेष्टाच होती, पण लागली. पुढं वर्षभर बोलायच्या आधी मी वाक्य मनात तपासून घ्यायचो. "हाव" तोंडावर आलं की गिळायचो.

त्या प्रश्नाचं उत्तर मला आजीच्या माहेरच्या वाटेवर सापडलं.

आजीचं माहेर भैंसा. तिचं लग्न 1953 मध्ये झालं आणि ती मुदखेडला आली. तेव्हा दोन्ही गावं एकाच हैदराबाद राज्यात आणि एकाच नांदेड जिल्ह्यात होती. माहेरी जायचं म्हणजे मुदखेडला गाडीत बसायचं, उमरी, धर्माबाद करत बासरला उतरायचं, सरस्वतीच्या पाया पडायचं आणि पुढं बैलगाडी.

ही रेल्वे निजामाच्या राज्यातली. 1900 च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद अशी मीटरगेज लाईन सुरू झाली. नकाशा काढून बघा, मुदखेडहून हैदराबाद मुंबईच्या निम्म्याहूनही जवळ आहे. त्यामुळं मोठा दवाखाना, लग्नाचा बस्ता, कोर्टकचेरी, सगळ्याला माणसं तिकडंच जायची. राज्यकारभाराची भाषा उर्दू. आमच्याकडं जुन्या पेटीत जमिनीचे काही कागद आहेत, ते आजही घरात कुणाला वाचता येत नाहीत. ह्या जाण्यायेण्याचा रंग आमच्या बोलण्यालाही लागला.

17 सप्टेंबर 1948 ला निजामानं शरणागती पत्करली आणि हैदराबाद संस्थान भारतात आलं. तो दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. त्याआधी जानेवारी 1948 मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला होता. ते उमरी ह्याच लाईनवरचं. शाळेत आम्हाला हे सगळं शिकवलं. पण त्यानंतर आठ वर्षांनी काय झालं, ते मात्र आजीकडूनच कळलं.

1 नोव्हेंबर 1956. भाषावार प्रांतरचना झाली, हैदराबाद राज्याचे तीन तुकडे पडले. मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेलंगण आंध्र प्रदेशात गेलं, कन्नड जिल्हे म्हैसूरला. पण सीमेवर एका जिल्ह्यात एकच भाषा थोडीच असते? म्हणून अदलाबदल झाली. नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडळं आंध्रात गेली. बदल्यात आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तालुके नांदेडला आले. राजुरा पुढं चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात गेलं.

आता गंमत बघा. मुदखेडला लाईनला फाटा फुटतो. एक रूळ बासरकडं जातो, जे आपल्याकडून गेलं. दुसरा भोकर, हिमायतनगरवरून किनवटकडं, जे आपल्याकडं आलं. लहानपणी आदिलाबादहून तिरुपतीला जाणारी कृष्णा एक्सप्रेस मुदखेडला थांबायची, इंजिन सुटायचं आणि दुसऱ्या टोकाला लागायचं. गाडी तीच, पण तोंड उलटं. आम्ही पोरं ते बघायला मुद्दाम स्टेशनवर जायचो.

आजीचंही तसंच झालं. ती म्हणायची, "मी कुठं हलले नाही रे बाबा, माहेरच हललं." तिचं भैंसा आधी नांदेड जिल्ह्यात, मग आदिलाबाद, 2016 पासून निर्मल. आधी हैदराबाद राज्य, मग आंध्र, 2014 पासून तेलंगण. तिच्या भावाची मुलं तेलुगू शाळेत गेली. माझे बाबा आणि त्यांचे मामेभाऊ आजही फोनवर बोलतात, तेव्हा अर्धं मराठी, अर्धं हिंदी आणि शिव्या दखनीत.

पण आजी जायची थांबली नाही. राखी पौर्णिमेला भावाकडं, पंचमीला बासरला. घरातल्या प्रत्येक पोराचा अक्षराभ्यास तिनं बासरलाच केला, माझासुद्धा. म्हणजे विचार करा, ज्या मराठीवरून पुण्यात मला प्रश्न विचारला गेला, तिचं पहिलं अक्षर मी आज तेलंगणात असलेल्या एका देवळात गिरवलं होतं.

रेल्वेनंही ही वाट सोडलेली नाही. मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आलं, तरी नांदेड विभाग आजही दक्षिण मध्य रेल्वेत आहे, आणि तिचं मुख्यालय सिकंदराबादला. आमच्या स्टेशनवर पाटी मराठीत, घोषणेत मात्र तेलुगूही ऐकू येते.

आपण कोण, हे आधार कार्डावरच्या पत्त्यावरून कळतं, असं मला वाटायचं. आता वाटतं, आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या कुठं जात-येत राहिली, तेही विचारायला पाहिजे. सीमा एका दिवसात बदलली. आजीची वाट बदलायला कुणाला जमलं नाही.

आजी चार वर्षांपूर्वी गेली. मागच्या वसंत पंचमीला बहिणीच्या पोराला घेऊन आम्ही बासरला गेलो. पुजाऱ्यानं त्याचा हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घेतलं. परत येताना गाडीत त्याला विचारलं, "चिवडा देऊ का अजून?"

तो म्हणाला, "नक्को."

मी त्याला दुरुस्त केलं नाही.

तुमच्या घरातली अशी वाट कोणती? आजी-आजोबा असतील तर आजच विचारा, आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात.