शिदोरी आणि सीमा

इ. स. १७८१ सालीं इंग्लंडांतील बेकन्सफील्ड गांवीं, एडमंड बर्क या प्रख्यात वक्त्याच्या बागेंतील कांचघरांत, एक महाराष्ट्रीय ब्राह्मण आपला स्वयंपाक आपल्या हातानें करीत होता. त्याचें नांव हनुमंतराव. राघोबादादानें इंग्रजांची मदत मागण्यासाठीं त्याला विलायतेस धाडलें होतें, आणि त्याच्याबरोबर मणियार नांवाचा एक पारशी गृहस्थ व त्याचा मुलगा असे दोघे होते. लंडनमध्यें या मंडळींची राहण्याजेवणाची मोठीच आबाळ झाली. परक्याच्या चुलीवर शिजलेलें अन्न ब्राह्मणाला चालेना, आणि त्याला काय चालतें हें तेथें कोणाला ठाऊक नव्हतें. बर्कनें त्यांना आपल्या घरीं नेलें व झाडांसाठीं बांधलेलें कांचघर त्यांना मोकळें करून दिलें. तेथें हनुमंतरावाचें सोंवळें व भोजन त्याच्या रीतीप्रमाणें चालूं लागलें. पुढें राघोबादादास लिहिलेल्या पत्रांत बर्कनें कळविलें कीं, आपल्या वकिलाला प्रथम जे हाल सोसावे लागले ते आमच्या लोकांच्या अज्ञानामुळें, निर्दयपणामुळें नव्हेत.

राघोबादादाचें राजकारण या वकिलातीनें साधलें नाहीं. त्या कांचघरांतील चुलीची हकीकत मात्र ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. घरचें अन्न घेऊन परमुलखांत जाणारा माणूस सीमेवर कोणाला भितो, आणि सीमा त्याला कां भिते, या दोन प्रश्नांचा इतिहास तेथून पुढें सव्वादोनशें वर्षें उलगडत गेला आहे.

समुद्रगमनाचा निषेध आपल्याकडे जुना. बौधायन धर्मसूत्रांत पतनास कारण होणाऱ्या कर्मांत समुद्रप्रवासाची गणना केलेली आहे, आणि पुढील निबंधकारांनीं तो कलिवर्ज्यांत घातला. व्यवहारांत मात्र या निषेधाचा रोख खाऱ्या पाण्यापेक्षां अन्नावर अधिक होता. गलबतावर चूल कोणाची, पाणी कोणी भरलें, भांड्याला हात कोणाचा लागला, या गोष्टींवरून परत येणाऱ्याची परीक्षा होत असे. राघोबादादाच्या ब्राह्मण वकिलांना परतल्यावर वाळींत टाकण्यांत आलें, आणि शेवटीं सोन्याच्या योनिप्रतिमेंतून बाहेर काढून त्यांचा जणूं पुनर्जन्म करविण्यांत आला, असें कंपनीच्या नोकरींतील विल्फर्ड या संशोधकानें लिहून ठेविलें आहे. विलायतेंत एवढें जपूनही घरच्यांचें समाधान झालें नाहीं, ही त्या कथेंतील खरी करुण बाजू होय.

प्रवासाच्या अन्नाचा विचार महाराष्ट्रांतील घरोघरच्या बायकांनीं फार बारकाईनें केलेला आहे. पाण्यांत शिजविलेला भात अगर पाण्यानें मळलेली भाकरी लवकर ओंवळी होते. दुधांत मळलेली दशमी, तुपांत तळलेली पुरी, भाजलेल्या पिठाचा लाडू हे पदार्थ वाटेंत चालतात, अशी समजूत होती. गंमत अशी कीं, जें लवकर ओंवळें होई तेंच लवकर आंबत असे, आणि जें शुद्ध राही तेंच टिकतही असे. शास्त्र आणि अनुभव येथें एकाच वाटेनें चालले होते. पंढरीच्या वारकऱ्याच्या पडशींत, काशीच्या यात्रेकरूच्या गांठोड्यांत, लष्कराबरोबर जाणाऱ्या कारकुनाच्या बोचक्यांत हीच शिदोरी असे. मुलांच्या गोष्टींतला राजपुत्रदेखील तहानलाडू-भूकलाडू बांधून घेतल्याखेरीज मुलूख सोडीत नाहीं.

१८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाला आणि विलायतचा प्रवास कांहीं आठवड्यांवर आला. दशमी तीन-चार दिवस टिकते, लाडू पुष्कळ टिकतो. तेव्हां आगबोटीच्या युगांत शिदोरीची लढाई पूर्वीइतकी निकराची राहिली नाहीं. पण ती संपली असेंही नाहीं. १८८८ च्या सप्टेंबरांत मुंबईहून निघालेला मोहनदास गांधी नांवाचा एक तरुण विद्यार्थी बोटीवरील मेजाशीं कधीं जेवावयास बसला नाहीं. कांटे-चमचे वापरतां येत नव्हते, आणि कोणता पदार्थ मांसाविरहित आहे हें विचारण्याचें धैर्य होत नव्हतें. घरून आणलेली मिठाई व फळें यांवर त्यानें आपल्या खोलींत बसून बराचसा प्रवास काढला. आईजवळ घेतलेली शपथ त्याच्या पाठीशीं होती हें खरें. तथापि त्याच्या आत्मकथेंतील हा भाग वाचतांना शपथेइतकाच एका बुजऱ्या मुलाचा संकोचही दिसतो. परक्या पंक्तींत आपण हास्यास्पद ठरूं ही भीति धर्माच्या भीतीहून कमी प्रबळ नसते. घरचा डबा त्या भीतीवरही औषध असतो.

या पद्धतीचा कळस १९०२ सालीं झाला. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठीं जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह लंडनला निघाले, तेव्हां त्यांनीं ‘ऑलिंपिया’ हें नवें कोरें जहाज भाड्यानें घेतलें. गोपाळजीची मूर्ति, स्वयंपाकी, धान्य आणि गंगाजल सर्व कांहीं बरोबर होतें. गंगाजलासाठीं सुमारें १४,००० चांदीचे रुपये वितळवून एकेक प्रचंड रांजण घडविला होता. अशा रांजणांपैकीं दोन जयपूरच्या राजवाड्यांत अद्याप पाहावयास मिळतात. प्रत्येकाचें वजन ३४५ किलो आहे आणि उंची पुरुषभर. माधोसिंहानें विलायतेस जातांना आपला देशच जहाजावर चढविला, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. अर्थात् ज्याच्याजवळ १४,००० रुपयांचा रांजण नव्हता त्याला अशी शुद्धि परवडणारी नव्हती.

आणि विटाळासाठीं समुद्रच ओलांडावयास पाहिजे होता असेंही नाहीं. १८९० सालीं पुण्यांतल्या पुण्यांत पंचहौद मिशनमध्यें जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढें चहा-बिस्किटें आलीं, गोपाळराव जोशांनीं हजर असलेल्यांचीं नांवें छापवून आणलीं, आणि रानडे-टिळकांसारख्यांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला. एक पेला चहाची सीमा सुएझहून रुंद ठरली.

इकडे हिंदुस्थानांत प्रवासी आपल्या अन्नाला परक्याचा स्पर्श होऊं नये म्हणून जपत होता, त्याच काळांत युरोपांत नेमकी उलट भीति वाढत होती. १८४५ सालीं आयर्लंडच्या बटाट्यांवर अमेरिकेकडून आलेला करपा पडला, आणि पुढील कांहीं वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसें उपासमारीनें व रोगांनीं मेलीं. १८६० नंतर फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांत फिलोक्सेरा नांवाची मुळें खाणारी बारीक कीड शिरली. तीही अमेरिकन वेलींबरोबर आलेली. शेंकडों वर्षांचे मळे उखडून टाकावे लागले. १८८१ सालीं बर्न येथें अनेक राष्ट्रांनीं या एका किडीविरुद्ध करार केला. त्यानंतर ऑस्ट्रेलियानें १९०८ मध्यें, अमेरिकेनें १९१२ मध्यें आणि हिंदुस्थान सरकारनें १९१४ मध्यें बाहेरून येणाऱ्या कीड-रोगांना अटकाव करणारे कायदे केले.

हे रोग प्रवाशाच्या डब्यांतून आले नव्हते. ते व्यापाराच्या मालांतून आले. पण व्यापाऱ्याचें पोतें कोणतें आणि आईनें बांधून दिलेला डबा कोणता, हें किडीला कळत नाहीं. एका फळांत अळी असली तरी पुरे. म्हणून कायद्याचा हात हळूहळू वखारींतून निघून प्रवाशाच्या पेटीपर्यंत पोहोंचला.

हा सारा पाश्चात्त्यांचा बाऊ आहे असें ज्यांना वाटत असेल त्यांनीं पुण्याच्या आसपासच्या माळरानांवर एक फेरी मारावी. १९५५ च्या सुमारास पुण्यांत प्रथम नोंदलेलें गाजरगवत अमेरिकेंतून आयात केलेल्या गव्हाबरोबर आलें असें सामान्यतः मानलें जातें. मूठभर बीं आलें असेल. पुढें त्यानें अवघा देश व्यापला. त्याच्या स्पर्शानें अंगाला खाज सुटते, परागांनीं दमा उसळतो, आणि बांधावरचें चाऱ्याचें गवत मरतें. हनुमंतरावाच्या काळीं विटाळ डोळ्यांना दिसत नसे. हा विटाळ दिसतो आणि कोणत्याही प्रायश्चित्तानें जात नाहीं.

जनावरांच्या रोगानें तर याहून मोठा घाला घातला. २००१ सालीं ब्रिटनमध्यें लाळ-खुरकुताची सांथ आली. बेकायदा आलेल्या मांसाचे अवशेष असलेलें खरकटें नॉर्थंबरलंडमधील एका वाड्यावर डुकरांना घातलें गेलें असावें, असा तर्क तपासांत निघाला. सांथ आवरेपर्यंत साठ लाखांहून अधिक जनावरें मारावीं लागलीं. त्यानंतर २००३ पासून बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशानें स्वतःपुरतें आणलेलें मांस व दूधदुभतेंही युरोपीय संघानें बंद केलें. संघांतून बाहेर पडल्यावर खुद्द इंग्रजांनाच या नियमाचा प्रसाद मिळाला. जानेवारी २०२१ मध्यें हॉलंडच्या बंदरावर उतरलेल्या ब्रिटिश मोटारचालकांच्या न्याहारीचे मांसाचे सँडविच जप्त होतांना साऱ्या जगानें चित्रवाणीवर पाहिले. जुलै २०२२ मध्यें बालीहून ऑस्ट्रेलियांतील डार्विन येथें उतरलेल्या एका प्रवाशाजवळ अंडीं व मांस घातलेले दोन पाव आणि एक क्रॉइसाँ सांपडला; त्यानें ते नोंदविले नव्हते म्हणून त्याला २,६६४ डॉलर दंड झाला. इंडोनेशियांत त्या वेळीं लाळ-खुरकूत पसरलें होतें. आणि एप्रिल २०२५ मध्यें ब्रिटननेंही युरोपांतून परतणाऱ्या प्रवाशांचें मांस व चीज त्याच रोगाच्या भीतीनें दारावर अडविलें. सुटी संपवून येणाऱ्यांच्या पेट्यांतील फ्रेंच चीज अशा रीतीनें राजकारणांत नव्हे, पशुवैद्यकांत सांपडलें.

आज सुटींत परदेश पाहावयास निघालेलीं मराठी कुटुंबें धर्म सांभाळण्यासाठीं डबा नेतात असें क्वचितच म्हणतां येईल. चिवडा, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, लोणचें, पेढे यांचा भरणा होतो तो जिभेसाठीं, खिशासाठीं, आणि पुष्कळदां परदेशीं राहणाऱ्या लेकीसाठीं. त्यांतला शेवटचा भाग हा सर्वांत नाजूक. तपासणीच्या मेजावर तिचा डबा उघडून पेढे टोपलींत जातात, तेव्हां अधिकाऱ्याच्या दृष्टीनें तो दुधाचा पदार्थ असतो. आणणाऱ्या माउलीच्या दृष्टीनें तो काय असतो हें सांगावयास नको. तिला त्यांत अपमान वाटतो. बर्कचेंच वाक्य उलटें फिरवून तिला सांगावेंसें वाटतें कीं, हा निर्दयपणा नव्हे. अज्ञानही नव्हे, आपल्या गुरांची काळजी आहे. मात्र नियम प्रवासाआधीं समजावून सांगण्याची काळजी सहली नेणारे आणि तिकिटें विकणारे घेत नाहींत, हा दोष खराच.

त्यांतून एक विलक्षण उलटापालट झाली आहे. ज्या तुपानें जुन्या काळीं अन्न शुद्ध होई, तेंच तूप आतां युरोपच्या दारावर अडतें. कारण तें दुधाचें. अनारशाला लावलेली खसखस महाराष्ट्रांत दिवाळीचें भूषण. संयुक्त अरब अमिरातींत तीच अफूच्या झाडाचें बीं म्हणून निषिद्ध आहे, आणि ती नेणाऱ्यावर तुरुंगाचा प्रसंग येऊं शकतो. गंगाजलाचीही तीच गत. विमानांत स्फोटक द्रव नेण्याचा कट उघडकीस आल्यावर २००६ सालीं हातांतील सामानांतून १०० मिलिलिटरहून मोठी द्रवाची बाटली नेण्यास बंदी आली. माधोसिंहाच्या रांजणांसमोर हा आंकडा ठेवून पाहावा.

सर्वांत कठीण कथा आंब्याची. कोयींत दडणाऱ्या भुंग्याच्या आणि फळमाशीच्या भीतीनें अमेरिकेनें हापुसाला अनेक वर्षें दार उघडलें नाहीं. तें उघडलें नाशिक जिल्ह्यांतील लासलगांवानें. कांद्याला मोड येऊं नयेत म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्रानें तेथें उभारलेल्या केंद्रांत आंब्यावर गॅमा किरणांचा मारा करण्याची सोय झाली, आणि २००७ च्या एप्रिलांत हापुस अमेरिकेस रवाना झाला. युरोपनें मे २०१४ मध्यें फळमाशी सांपडल्यावरून तोच आंबा बंद केला व २०१५ च्या आरंभीं पुनः घेतला. पण ही सोय व्यापाऱ्याच्या पेटीसाठीं. प्रवाशानें हौसेनें बरोबर घेतलेल्या अर्ध्या डझनाला ती लागू नाहीं. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघांत ताजें फळ नेणाऱ्या प्रत्येक प्रवाशाजवळ तें निरोगी असल्याचा सरकारी दाखला लागतो. त्यांतून पांच फळें तेवढीं वगळलीं आहेत: अननस, डुरियन, खजूर, केळें आणि नारळ. देवापुढें ठेवावयाचीं दोन फळें तरी विनातक्रार जातात. हापुस मात्र कोंकणांत खाऊनच निघावें लागतें.