एस्केपचं बटण कुठे गेलं?

२७ ऑक्टोबर २०१६ रोजी अ‍ॅपलने क्युपर्टिनोमध्ये नवे मॅकबुक प्रो दाखवले आणि त्याच रात्री भांडण सुरू झालं. एका बाजूला वर्षानुवर्षं मॅकवर पोट भरणारे प्रोग्रामर, व्हिडिओ एडिटर, फोटोग्राफर. दुसऱ्या बाजूला 'अ‍ॅपलला तुमच्यापेक्षा जास्त कळतं' म्हणणारे. दोन्हीकडचे लोक हमरीतुमरीवर आले. आता मागे वळून ते सगळं वाचताना मला एका गोष्टीची गंमत वाटते. ज्या मुद्द्यांवर एवढी जुंपली होती, त्यांतला एकही या लॅपटॉपचा सगळ्यात मोठा रोग नव्हता. तो रोग बटणांच्या खाली दडला होता आणि बाहेर पडायला त्याला थोडी धूळ आणि काही महिने हवे होते.

अपेक्षा मोठ्या होत्या, त्याला कारण होतं. प्रोचा आधीचा साचा २०१२चा, रेटिना डिस्प्लेबरोबर आलेला. चार वर्षं लोक थांबले होते. त्यात आदल्याच दिवशी, २६ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टने सरफेस स्टुडिओ नावाचा भलामोठा, टेबलावर झोपवून ज्यावर चित्र काढता येईल असा संगणक दाखवला होता. चित्रकार आणि डिझायनर ही अ‍ॅपलची हक्काची मंडळी; तीच मान वळवून तिकडे बघायला लागली होती.

आणि मग नवा प्रो आला. मॅगसेफ चार्जर गेला, म्हणजे वायरीत पाय अडकला तर लॅपटॉप न पडता नुसतं चुंबक सुटायचं ती सोय गेली. एसडी कार्डाची खाच गेली, एचडीएमआय गेलं, साधं चौकोनी यूएसबी गेलं. टचबारच्या मॉडेलवर त्यांच्या जागी चार थंडरबोल्ट ३ पोर्ट, सगळी एकसारखी. बटणांची सगळ्यात वरची ओळ काढून तिथे टचबार नावाची काचेची चमकती पट्टी बसवली. त्या पट्टीबरोबर एस्केपचं बटणही गेलं. फोनवर वाढलेल्या वाचकाला हे क्षुल्लक वाटेल. पण 'व्हिम'सारख्या एडिटरमध्ये कोड लिहिणारा माणूस दिवसात शेकडो वेळा एस्केप दाबतो, तेही न बघता. त्याच्या बोटाखालून खरं बटण काढून घेऊन काचेवर त्याचं चित्र ठेवणं म्हणजे तबलजीला चाटीच्या जागी तिचा फोटो देण्यासारखं होतं.

सगळ्यात मजेदार विसंगती होती केबलची. महिनाभर आधी अ‍ॅपलने आयफोन ७ आणला होता. त्यातून हेडफोनचं भोक काढून टाकलं होतं, कारण म्हणे ते जुनं झालं. त्याच्या खोक्यात जी केबल होती तिचं दुसरं टोक साधं यूएसबी. नव्या मॅकबुक प्रोमध्ये मात्र साधं यूएसबी नाही आणि हेडफोनचं जुनं भोक शाबूत! म्हणजे एकाच कंपनीचा, एकाच मोसमातला फोन आणि लॅपटॉप दुकानातून आणून घरी एकमेकांना जोडायचे म्हटलं तर आणखी एक तुकडा विकत घ्यायचा. आरडाओरडा इतका झाला की ४ नोव्हेंबरला अ‍ॅपलने अ‍ॅडॅप्टरच्या किमती वर्षअखेरपर्यंत उतरवल्या. १९ डॉलरचा यूएसबी अ‍ॅडॅप्टर ९ डॉलरला मिळू लागला. लॅपटॉपची किंमत मात्र होती तिथेच: टचबार हवा तर १,७९९ डॉलरपासून पुढे.

रॅमचाही वाद झाला. १६ जीबीच्या वर पर्याय नव्हता, आणि व्हिडिओवाल्यांना ३२ हवी होती. अ‍ॅपलचं उत्तर तांत्रिकदृष्ट्या खरं होतं. इंटेलच्या तेव्हाच्या चिपला कमी वीज खाणारी रॅम १६च्या वर जोडता येत नव्हती आणि जास्त जोडायची तर जास्त वीज खाणारी रॅम घ्यावी लागली असती. पण हे अर्धंच उत्तर. १५ इंची मॉडेलची बॅटरी आधी ९९.५ वॅट-तासांची होती (१००च्या वर गेलं की विमानात खास परवानगी लागते, म्हणून ती काठोकाठ भरलेली). नव्यात ती ७६वर आणली होती. कशासाठी? जाडी १८ मिलिमीटरवरून साडेपंधरावर आणण्यासाठी. प्रोसाठी पैसे मोजणाऱ्या माणसाने अडीच मिलिमीटर कमी करून मागितले होते असं मला तरी कुठे आढळलं नाही.

अ‍ॅपलची बाजू घेणाऱ्यांकडे तोवर एक रामबाण युक्तिवाद होता: 'लोक नेहमीच ओरडतात.' १९९८च्या आयमॅकमधून फ्लॉपी काढली तेव्हा ओरडले, मॅकबुक एअरच्या वेळी ओरडले. पुढे काय झालं?

एअरची गोष्ट खरोखर ऐकण्यासारखी आहे. १५ जानेवारी २००८ला सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्सने कागदी लिफाफ्यातून लॅपटॉप बाहेर काढला आणि सभागृह वेडं झालं. नंतर लोक शुद्धीवर आले. सीडी ड्राइव्ह नाही. इथरनेट नाही. यूएसबी एकच. बॅटरी स्वतः बदलता येत नाही. किंमत १,७९९ डॉलर, आणि तेवढ्या पैशात ८० जीबीची मंद हार्ड डिस्क. ६४ जीबीची एसएसडी हवी तर ३,०००च्या वर. टीकाकारांचा शब्दन् शब्द बरोबर होता. ते यंत्र महाग होतं, मंद होतं, चटकन तापायचं. पण ऑक्टोबर २०१०मध्ये एअर नव्याने आला: सगळ्या मॉडेलांत एसएसडी, दोन यूएसबी आणि ११ इंची मॉडेल ९९९ डॉलरला. त्यानंतर जगातल्या बहुतेक कंपन्या तसेच लॅपटॉप बनवू लागल्या. 'तेव्हाही ओरडले होते' म्हणणारे हा मधला भाग गाळतात. एअर जिंकला तो टीका खोटी होती म्हणून नव्हे. पावणेतीन वर्षांत ती टीका एकेक करून दुरुस्त केली गेली म्हणून जिंकला.

त्याहून जुना दाखला मला जास्त आवडतो. सप्टेंबर १९८९मध्ये अ‍ॅपलने आपला पहिला बॅटरीवरचा मॅक आणला, मॅकिन्टॉश पोर्टेबल. त्याचा पडदा त्या काळी अप्रतिम होता, बॅटरी दहा तासांपर्यंत चालायची. पण ती बॅटरी होती लेड-अ‍ॅसिडची, म्हणजे गाडीत असते त्या जातीची. वजन सात किलोच्या वर, आणि किंमत साधारण ६,५०० डॉलर. पडद्यामागे दिवा नाही, त्यामुळे अंधारात काही दिसायचं नाही. बॅटरी मेली असेल तर प्लग लावूनही यंत्र सुरू होत नसे! ऑगस्ट १९९१मध्ये अटलांटिस यानातून अवकाशातला पहिला ईमेल याच यंत्रावरून गेला. मला नेहमी वाटतं, त्या वजनाला तीच जागा योग्य होती.

दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९९१मध्ये, पॉवरबुक आले. त्यात एक गोष्ट केली होती, जी आज आपल्याला दिसतसुद्धा नाही. तोवरच्या लॅपटॉपवर कीबोर्ड अगदी पुढच्या कडेला असायचा आणि मनगटं हवेत लोंबकळायची. पॉवरबुकने कीबोर्ड मागे, पडद्याकडे सरकवला, पुढे तळहात टेकायला जागा केली आणि मधोमध ट्रॅकबॉल बसवला. आज तुमच्यासमोर कुठल्याही कंपनीचा लॅपटॉप असू दे, मांडणी हीच आहे. ट्रॅकबॉलच्या जागी ट्रॅकपॅड आला एवढंच. ज्यांनी हे केलं त्यांनी माणसाचे हात नीट बघितले होते. २०१६चा सगळा राग मला इथून कळतो: हात बघणारी कंपनी आता फक्त जाडी बघत होती.

अर्थात पॉवरबुकलाही काळे दिवस आलेच. १९९५च्या पॉवरबुक ५३००मध्ये नव्याने लिथियम-आयन बॅटऱ्या घातल्या आणि सुरुवातीच्याच दोन यंत्रांनी पेट घेतला. कंपनीने बॅटऱ्या परत घेऊन जुन्या प्रकारच्या, कमी ताकदीच्या बसवल्या. लोकांनी त्याचं नाव पेटलेल्या हिंडेनबर्ग वायुजहाजावरून 'हिंडेनबुक' ठेवलं. पण ते संकट सरळ होतं. आग लागली, सगळ्यांना दिसली.

२०१६चं तसं नव्हतं. डिसेंबरमध्ये 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने नव्या प्रोची शिफारस करायला नकार दिला, कारण त्यांच्या चाचणीत बॅटरी कधी तब्बल सोळा तास चालली, तर कधी चार तासही नाही. मॅकबुक प्रोवर अशी वेळ पहिल्यांदाच आली होती. जानेवारीत कळलं की चाचणीसाठी सफारी ब्राउझरची एक सहसा कुणी न वापरणारी सेटिंग लावली होती आणि तिच्यात बग होता. बग दुरुस्त झाला, पुन्हा चाचणी झाली, शिफारस मिळाली. अ‍ॅपलच्या चाहत्यांनी विजयाचे ढोल वाजवले. तेव्हा बटणांखाली धूळ जमायला सुरुवात झालेली होती.

कीबोर्ड हा असा: साध्या लॅपटॉपमध्ये प्रत्येक बटणाखाली कात्रीसारखी फुलीची यंत्रणा असते. अ‍ॅपलने २०१५च्या १२ इंची मॅकबुकपासून तिच्या जागी फुलपाखराच्या पंखांसारखी यंत्रणा आणली. जागा कमी, बटण स्थिर, पण खाली जायला जेमतेम अर्धा मिलिमीटर वाव. त्यात एखादा कण शिरला की बटण अडकणार, नाहीतर एकदा दाबून अक्षर दोनदा उमटणार. वरून कीबोर्ड वरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या भागाला रिव्हेटने ठोकलेला, आणि त्याच भागाला बॅटरी चिकटवलेली. एका स्पेसबारसाठी अर्धा लॅपटॉप बदलायचा आणि वॉरंटी संपली असेल तर शेकडो डॉलर मोजायचे. अ‍ॅपलने आपल्या मदतपानावर उपाय दिला होता: लॅपटॉप ७५ अंशांत तिरका धरा आणि दाबाच्या हवेचा फवारा मारा. घरी करून बघा, कोनमापक विसरू नका.

ऑक्टोबर २०१७मध्ये केसी जॉन्स्टन या पत्रकाराने 'द आउटलाइन'मध्ये आपल्या अडकलेल्या स्पेसबारची कहाणी लिहिली आणि गावोगावचे लोक 'माझंही, माझंही' म्हणत पुढे आले. मे २०१८मध्ये खटला, जूनमध्ये मोफत दुरुस्तीची योजना. जुलैत नवं मॉडेल, त्यात बटणांखाली सिलिकॉनचा पातळ पडदा. कंपनी म्हणाली, तो आवाज कमी करण्यासाठी आहे. मार्च २०१९मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'च्या जोआना स्टर्न यांनी नव्या लॅपटॉपवरची न उमटणारी अक्षरं गाळूनच आपला लेख छापला. अ‍ॅपलने माफी मागितली, पण त्रास थोड्याच लोकांना होतो असंही जोडलं. नोव्हेंबर २०१९मध्ये १६ इंची प्रो आला. कात्रीची बटणं परत. एस्केप परत.

पहिल्या आठवड्याचं मत नेहमी फसतं असं मात्र मी म्हणणार नाही. नोव्हेंबर २०२०मध्ये एम१ चिपचा एअर आला तेव्हा बाहेरून तो आधीच्यासारखाच होता. पंखा नाही, तरी वेगवान आणि थंड, बॅटरी दिवसभर. परीक्षणं लिहिणाऱ्यांना आपल्याच आकड्यांवर विश्वास बसत नव्हता. आजही ती परीक्षणं काढून वाचा, बहुतेक टिकली आहेत. कारण नवीन होतं ते आत; हात जिथे लागतो तिथलं सगळं जुनं, घासून तपासलेलं होतं. ऑक्टोबर २०२१च्या प्रोमध्ये मॅगसेफ, एचडीएमआय, एसडी कार्डाची खाच परत आली, टचबार गेला, आणि १६ इंची मॉडेल आधीपेक्षा जाड आणि जड झालं. वजन वाढल्याबद्दल कुणी फारशी तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

खटला जुलै २०२२मध्ये मिटला. अ‍ॅपलने चूक कबूल केली नाही. ५ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. ज्याला जितक्या दुरुस्त्या कराव्या लागल्या त्याप्रमाणे कमाल ३९५ डॉलर. पण हे पैसे अमेरिकेतल्या फक्त सात राज्यांत लॅपटॉप घेतलेल्यांना. न्यू जर्सी त्यांत आहे, म्हणजे एडिसनमधला मराठी इंजिनियर अर्ज करू शकत होता. पुण्यातल्या त्याच्या भावाने तोच लॅपटॉप, बहुधा त्याहून जास्त किमतीला, इथे घेतला असेल तर त्याच्या वाट्याला मोफत दुरुस्तीची योजना होती: खरेदीपासून चार वर्षं. पाचव्या वर्षी बटण अडकलं तर हवेचा फवारा, ७५ अंशांत.