तळटीप : ‘लगुना’ आणि व्हेनिसभोवतालची बेटे
‘लगुना’ : व्हेनिस शहर ज्या उथळ, खाऱ्या आणि भरती-ओहोटीच्या पाण्यात वसले आहे, त्या जलाशयाला उद्देशून हा शब्द येथे आला असून, वाळूच्या अरुंद पट्ट्यांनी तो जलाशय आड्रियाटिक समुद्रापासून वेगळा झालेला आहे; खाडी आणि खाजण यांचे एकत्र चित्र डोळ्यांसमोर आणल्यास मराठी वाचकाला त्याची बरीचशी कल्पना येईल. पाणी पुष्कळ ठिकाणी इतके उथळ असते की बोटींना ‘ब्रीकोले’ने, म्हणजे चिखलात रोवलेल्या लाकडी खांबांनी, आखलेल्या वाटेनेच जावे लागते; म्हणूनच प्रवाशांची ‘व्हापोरेत्तो’ (सार्वजनिक बोट; हे नाव वाफेच्या इंजिनावरून पडले आणि ते इंजिन गेल्यावरही टिकले) मोकळ्या दिसणाऱ्या पाण्यातही वळणे घेत जाते. लगुनातील बेटांपैकी मुरानोवर, आगीच्या भयाने, १२९१मध्ये शहरातील काचेच्या भट्ट्या हलवण्यात आल्या. बुरानो बेटाची ख्याती लेसच्या विणकामाची आहे. तथापि इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे बेट तोर्चेल्लो हेच होय : तेथील कॅथेड्रलची, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चची, स्थापना इ.स. ६३९मधील असून, एकेकाळी गजबजलेली ही वस्ती पुढे साचणारा गाळ आणि हिवताप यांमुळे ओस पडली. व्हेनिसला जाणाऱ्या वाचकाने हे बेट वगळू नये.