सत्तांतर 1947 ला झाले, लोकशाही कधी आली?

मागच्या वर्षी आमच्या वस्तीत मतदार नोंदणीचे शिबिर घेतले. नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झालेला एक मुलगा फॉर्म भरता भरता म्हणाला, "ताई, इंग्रज गेले आणि मताचा अधिकार आला, एवढंच ना? तो तर सगळ्यांनाच मिळाला. त्यात बाबासाहेबांनी वेगळं काय केलं?"

त्या पोराचा दोष नाही. शाळेत आपल्याला हाच इतिहास शिकवला जातो. परकीय राजवट गेली, स्वकीयांचे राज्य आले आणि लोकशाही सुरू झाली. पण सत्ता परक्याच्या हातातून आपल्या माणसाच्या हातात येणे ही एक गोष्ट आहे. ती सत्ता गावकुसाबाहेरच्या माणसालाही जाब देऊ लागणे ही दुसरी. पहिलीला सत्तांतर म्हणतात, दुसरीला लोकशाही. या दोन्हींमधले अंतर कसे कापले गेले, हे आपण समजून घेतले पाहिजे.

ऑगस्ट 1917 मध्ये भारतमंत्री माँटेग्यू यांनी भारताला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याचे जाहीर केले. राज्यकर्ते जबाबदार राहणार, पण कोणाला? मतदारांना. मग मतदार कोण? ते ठरवायला साउथबरो समिती नेमली गेली. 27 जानेवारी 1919 रोजी सिडनहॅम कॉलेजात शिकवणारे 27 वर्षांचे प्रा. भीमराव आंबेडकर या समितीपुढे साक्षीला उभे राहिले. लोकांसाठीचे राज्य पुरेसे नाही, ते लोकांनी चालवलेले असले पाहिजे, हा त्यांचा मुद्दा होता. जातीने ज्यांना धंदा, जमीन आणि पैसा यांपासून दूर ठेवले, त्यांना मतासाठी मालमत्तेची अट घालणे म्हणजे एका अन्यायावर दुसरा अन्याय चढवणे. म्हणून अस्पृश्यांसाठी मताची पात्रता खाली आणा आणि त्यांचे प्रतिनिधी त्यांनाच निवडू द्या, अशी मागणी त्यांनी केली.

प्रत्यक्षात काय मिळाले? 1919 च्या कायद्याने मत शेतसारा, कर आणि मालमत्ता यांना बांधले. प्रांतिक निवडणुकांतले मतदार लोकसंख्येच्या सुमारे 3 टक्के निघाले. खोत, सावकार, जमीनदार, वकील कौन्सिलात निवडून गेले. अस्पृश्यांच्या वाट्याला आले सरकारनियुक्त सदस्यत्व. बाबासाहेब स्वतः मुंबई कौन्सिलात आले ते नियुक्त सदस्य म्हणूनच. म्हणजे इंग्रजाच्या हातातली थोडी सत्ता खाली उतरली, पण ती वाड्यापर्यंत येऊन थांबली. वस्तीत आली नाही.

अशा कौन्सिलने केलेल्या चांगल्या ठरावाचेही काय होते, ते महाडने दाखवले. ऑगस्ट 1923 मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात मंजूर झाला. सरकारी खर्चाने चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. महाड नगरपालिकेनेही पुढच्या वर्षी तळे खुले केल्याचा ठराव केला. दोन्ही ठराव कागदावर राहिले. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी हजारो लोकांसह पाणी प्याले तेव्हा त्या कागदाला जीव आला. त्यानंतरही प्रकरण कोर्टात गेले आणि उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला 1937 उजाडले. ठरावापासून निकालापर्यंत 14 वर्षे! ज्याच्याकडे मत नाही, त्याच्या बाजूचा कायदा राबवण्याची घाई कोणालाच नसते.

म्हणूनच 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकार मागितला. निरक्षर माणसाला मत कसे द्यायचे, हा त्या काळचा ठरलेला आक्षेप. त्यावर त्यांचे उत्तर आजही पाठ करावे असे आहे. निरक्षर म्हणजे निर्बुद्ध नव्हे. ज्यांना शाळेचे दार बंद ठेवले, त्यांच्या निरक्षरतेचे कारण पुढे करून त्यांना मत नाकारता येणार नाही. मत ही शहाण्यांना दिलेली बक्षिशी नाही. एकत्र राहण्याच्या अटी ठरवण्यातला तो आपला वाटा आहे, आणि जो जितका दुबळा, त्याला त्याची तितकी जास्त गरज. तीनच वर्षांनी, 1931 मध्ये, शेजारच्या सिलोनमध्ये स्त्री-पुरुष सर्वांना मत मिळाले आणि तिथे आभाळ कोसळले नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. प्रौढ मताधिकार एकट्या बाबासाहेबांनी मागितला नाही. 1928 च्या नेहरू अहवालात तो होता आणि 1931 च्या कराची अधिवेशनात काँग्रेसनेही तो स्वीकारला. फरक दुसरीकडे आहे. सर्वांना मत दिले की अस्पृश्यांचा प्रश्न आपोआप सुटेल, त्यांना वेगळ्या संरक्षणाची गरज नाही, असे नेहरू अहवालाचे म्हणणे होते. गावात बहुसंख्य कोण आणि त्यांच्या रानात मजुरीला कोण जाते, हे माहीत असलेला माणूस असे म्हणूच शकत नाही. बाबासाहेबांना मतही हवे होते आणि ते मत दबावाखाली वाया जाऊ नये याची तजवीजही हवी होती. 1932 च्या पुणे करारापर्यंतचा सगळा संघर्ष या तजविजीसाठी होता.

1935 च्या कायद्याने मतदार वाढून 3 कोटींच्या आसपास गेले, तरी बहुतांश प्रौढ जनता बाहेरच राहिली. पुढचा भाग तर आपल्या कार्यकर्त्यांनाही अनेकदा माहीत नसतो. 1946 साली संविधान सभेवर सदस्य पाठवले ते प्रांतिक विधिमंडळांनी, आणि ती विधिमंडळे याच तोकड्या मताधिकारावर निवडलेली होती. त्यात बाबासाहेबांना मुंबईतून वाट मिळाली नाही. जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साथीने ते बंगालमधून निवडून गेले. 15 ऑगस्ट 1947 नंतरही देशाचा कारभार काही बदल केलेल्या 1935 च्याच कायद्याने चालला. तो कायदा रद्द झाला 26 जानेवारी 1950 ला, संविधानाच्या कलम 395 ने. आणि प्रत्येक प्रौढाला मत मिळाले ते कलम 326 ने.

संविधान सभेत मूलभूत हक्कांच्या उपसमितीने मताधिकार मूलभूत हक्कांतच घालावा असे सुचवले होते. सल्लागार समितीने तत्त्व मान्य केले, पण त्याला त्या प्रकरणात जागा दिली नाही. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत 17 कोटींहून अधिक मतदार होते. पण सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली, कारण त्यांची नोंद स्वतःच्या नावाने नव्हती, अमक्याची बायको, तमक्याची आई अशी होती. हक्क संविधानात होता, पण माणूस यादीत नव्हता.

ही यादीची गोष्ट जुनी झालेली नाही. आमच्या शिबिरात एक आजी आल्या होत्या. झोपडी तुटली, संक्रमण शिबिरात गेल्या, तिथून भाड्याच्या खोलीत. या फिरण्यात नाव कधी कटले ते त्यांना कळलेच नाही. मतदानाच्या दिवशी केंद्रावरून परत पाठवले तेव्हा समजले. त्या मुलाला मी त्यांच्याच शेजारी बसवले आणि म्हटले, आधी आजींचा फॉर्म भर, मग तुझा.

25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की राजकारणात समता आणि समाजजीवनात विषमता ही विसंगती फार काळ टिकवली, तर विषमता भोगणारे लोक लोकशाहीचा डोलारा उद्ध्वस्त करतील. आपण ते भाषण दर 26 नोव्हेंबरला वाचतो. वाचलेच पाहिजे. पण त्याच दिवशी हातात मतदार यादी घेऊन वस्तीतली घरे का मोजू नयेत? कोण गळले, कोणाचे नाव चुकले, लग्न होऊन आलेल्या कोणत्या पोरीचे नाव दोन्हीकडे नाही, हे आपल्याला माहीत नसेल तर कोणाला माहीत असणार?

राजवट एका रात्रीत बदलू शकते. ती संविधानाची होते ती यादीत एकेक नाव चढत जाते तेव्हा. 1919 मध्ये 27 वर्षांच्या तरुणाने ते काम सुरू केले. आपली यादी अजून पूर्ण व्हायची आहे.

जय भीम! जय संविधान!